मुलांच्या हाती लागू देऊ नये

सोमवार, ३. सकाळी ७.
निर्णय पक्का. रविवारी कुत्रा नणंदेकडे जाणार. हे जाऊन आठ महिने झाले, त्यांचा कुत्रा मी का सांभाळू? त्यांनी घालून काढलेले तीन शर्ट खुंटीवर तसेच आहेत. धुऊन देऊन टाकायचे, वेळ मिळाला नाही. आज निळा काढला तर त्यानं बाही पकडली. मी कॉलर. बाही फाटली. चपलेनं हाणलं. तो गुरगुरला, मीही गुरगुरले. जिंकले. फाटका धुऊन काय उपयोग? परत खुंटीवर.

मंगळवार, ४.
कपडे धुण्याच्या नव्या गोळ्या आणल्या. जेलीसारख्या, रंगीत. डब्यावरचं सगळं वाचलं. शाळा चौथीपर्यंत, पण वाचल्याशिवाय मी काही वापरत नाही. 'मुलांच्या हाती लागू देऊ नये.' आमच्याकडे मूल नाही. डबा खालीच, धुण्याच्या टोपलीत.

गुरुवार, ६.
करड्या शर्टाच्या चिंध्या. झाडूच्या दांड्यानं त्याची पाठ मोडायला गेले. तो सरकला, बादली फुटली. शेजारीण म्हणाली, एकमेकांचा जीव घ्याल. म्हटलं, मी एकटी घेईन. रविवारपर्यंत धीर धरते.

शनिवार, ८. दुपारी १२.
चौकड्यांचा शर्ट टोपलीत टाकला. तो ओढताना त्यानं डबा फोडला. गोळी दाताखाली फुटली. फेस, किंकाळी, फेसात रक्त. जबडा फाकवून मिठाचं पाणी ओतलं. घरगुती उपचारांच्या पुस्तकात आहे. कडकडून चावला. मी जबडा सोडला नाही.

दुपारी ४.
जनावरांचे डॉक्टर कुत्रा सोडून माझ्यावरच भुंकले. साबण पोटात गेला की ओकारी काढायची नसते, फेस फुप्फुसात जातो. मीठ म्हणजे वर आणखी विष. विचारलं, कुणी सांगितलं? म्हटलं, पुस्तकानं.
"बाई, त्या पुस्तकात कुत्रा होता का?"
नव्हता.
ऑक्सिजन लावलाय. उद्यापर्यंत तगला तर वाचेल. मला पाच टाके. रडले नाही. साबण डोळ्यांत गेला.

रविवार, ९.
तगला. फाटका निळा शर्ट नेऊन दिला. त्यात नाक खुपसून झोपलाय.
नणंदेला फोन केला, देत नाही म्हणून. औषध दिवसातून चारदा, तिला जमायचं नाही. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला तो नकोच होता ना?" तेवढ्यात रेंज गेली.
दवाखान्याच्या फॉर्मवर रकाना होता, पालकाचं नाव. ह्यांचं लिहिलं. खोडलं. माझं लिहिलं.
घरी येऊन गोळ्यांचा फुटका डबा माळ्यावर टाकला.
निळा शर्ट धुवायचा आहे. वेळ मिळाला नाही.