सूक्ष्मदर्शकाचे पाच ठिपके

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. धाकटीचा दात पडला, तेव्हापासून ती दिसेल त्याला तोंड उघडून दाखवते. छापखान्यात नवं यंत्र आलंय आणि ते माझ्याहून जास्त रजा घेतं.

काल भावोजींचा फोन आला होता. वेधशाळेने तुला पुन्हा आकाशाचे नकाशे काढायला बोलावलं आणि तू नाही म्हणालीस. ‘माझ्या नजरेचा मलाच भरवसा नाही,’ असं म्हणालीस म्हणे. ताई, ते ऐकलं आणि हे लिहायला बसलो.

दक्षिण आकाशाचा तो नकाशा आठवतो ना? आठवतो ना काय विचारतोय, मूर्खासारखा! नकाशांचं पुस्तक आमच्या छापखान्यातून छापून आलं तेव्हा सूक्ष्मदर्शक तारकासमूहाचं नाव तेवढं होतं आणि खाली कोरी जागा. लोक हसले. ‘बाई तारेच काढायला विसरल्या,’ म्हणाले.

छापण्याआधी नकाशाची काळी फिल्म काढतात; तिच्यावर धूळ बसली की सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि छापताना त्यांचे काळे ठिपके उठतात. ती भोकं लाल रंगाने बुजवणं हे माझं काम. तुझे तारेही फिल्मवर तसेच दिसतात. ठळक तारे मी ओळखले. सूक्ष्मदर्शकातले पाच अंधुक तारे मला धूळ वाटले आणि मी ते बुजवले. नावं वेगळ्या फिल्मवर होती. मूळ नकाशाशी ताडून बघायचं असतं, ते मी बघितलं नाही. जेवायची घाई होती, दुसरं काही नाही.

एवढंच असतं तर चार शिव्या घालून तू मला माफ केलं असतंस.

पण तू छापखान्यात आलीस, माझ्या टेबलापाशी उभी राहिलीस आणि विचारलंस, “खरं सांग, मी काढले होते का रे ते?” तेव्हा मूळ नकाशा माझ्या खणात होता. मी म्हणालो, “नव्हते गं. होतं असं कधीकधी.” वर तुला चहा पाजला. उलट तूच माझी समजूत घातलीस आणि आठवड्याभरात वेधशाळेतली नोकरी सोडलीस. सहा वर्षं झाली. मला लाज वाटते, ताई.

मूळ नकाशा सोबत पाठवतोय. भिंग घेऊन बघ, पाचही तारे जागच्या जागी आहेत. तुझी नजर कधीच चुकली नव्हती.

हेच सगळं वेधशाळेच्या संचालकांना लिहून ते पत्र आधी टपालपेटीत टाकलंय, म्हणजे हे फाडून टाकायची सोय मला उरली नाही.

तू अजून म्हणू दिलंस तर,
तुझा भाऊ