नव्या गाडीचा ड्रायव्हर

६ जाने., मंगळवार
सांगून टाकलं साहेबांना. आपल्या ड्रायव्हरला, बाबूरावांना, डाव्या बाजूचं दिसत नाही. काचबिंदू. सहा महिने झाले. त्यांनी मला भरवशानं सांगितलं होतं, "ताई, कुठं बोलू नका. दोन वर्षं काढायचीत फकत." नसतेच बोलले. पण शनिवारी फर्दापूरच्या आपल्या हॉटेलातून पाहुणे घेऊन येताना डावीकडून मोळीवाली बाई आली आणि यांना दिसलीच नाही. मी किंचाळले म्हणून वाचली. पाहुण्यांना वाटलं, ऑफिसातल्या बाई उगाच घाबरतात.
साहेब म्हणाले, "नव्या गाडीवर दुसरा बघू." झालं. अठरा वर्षं इथं काढलेला माणूस.
मी केलं ते बरोबरच केलं. तरी दुपारचा डबा तसाच घरी आणला.

८ जाने., गुरुवार
शोरूम. नव्या गाडीचे पैसे भरायला मी आणि बाबूराव. पौषात गाडी दारात आणायची नाही, हा साहेबांच्या आईचा नियम. पण शोरूमवाले म्हणतात भाव वाढणार. म्हणून पैसे पौषात, गाडी माघात. देव आणि दुकानदार दोघंही खूश. बाबूराव हसले. "आमच्या आजानं दीक्षा घेतली तवाच सुटलो बघा ह्यातून. आम्हाला काय पौष न् काय माघ."
बँकेतून पैसे निघाले, शोरूमला पोचेनात. दोन तास सोफ्यावर. कॅशियर काचेमागून मान हलवतोय, आले नाहीत मॅडम, आले नाहीत. मनात आलं, न येवोत. गाडीच नको.
तेवढ्या वेळात बाबूराव तिथं ठेवलेल्या गाडीत बसून आले. "ताई, क्लच नायच की हो हिला! डाव्या पायानं काय करायचं आता?" लहान पोरासारखे. रंगही त्यांनीच सुचवलेला, राखाडी. अजिंठ्याच्या रस्त्याची धूळ दिसत नाही म्हणे.
पैसे पोचले. पावती घेतली. सही भलत्याच रकान्यात केली, त्यांनी पाहिलं. "चहा घ्या ताई, उपाशी हायत तुम्ही."
संध्याकाळी साहेबांचा फोन: "त्याला तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतो तो." वाईटपणा घ्यायला आम्ही आहोतच.

१२ जाने., सोमवार
जुनी गाडी बदल्यात द्यायची आहे, तिची दुसरी चावी शोरूमला हवी. ती बाबूरावांच्या घरी असते. आज आणून दिली. मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. म्हणाले, "नव्या गाडीची बी माझ्याकडंच द्या ताई. हापिसात हरवतेत."
ही वेळ होती सांगायची. दार लावायचं, बसा म्हणायचं, सांगायचं. मी म्हणाले, "बघू."

१४ जाने., बुधवार
संक्रांत. गोड बोलायचा दिवस, आज कसं सांगणार? छान निमित्त मिळालं. बाबूराव आणि आमचे वॉचमन इसाकभाई, दोघं गेटवर एका डब्यात जेवत होते. रोजचंच आहे त्यांचं. मी तिळगूळ दिला. बाबूराव म्हणाले, नव्या गाडीची पहिली फेरी खुलताबादला, इसाकभाईला दर्ग्यावर नेणार.
मी पळाले तिथून.

१९ जाने., सोमवार
माघ लागला. नाही सांगितलं.

२२ जाने., गुरुवार
उद्या गाडी. साहेबांनी विचारलं, "बोललात ना त्याच्याशी?" मी हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

२३ जाने., शुक्रवार
वसंत पंचमीचा मुहूर्त. बाबूराव कडक इस्त्रीचा गणवेश घालून आले. शोरूमवाल्यांनी गणवेश बघितला आणि हार सरळ त्यांच्याच गळ्यात घातला. फोटो. ती पुठ्ठ्याची मोठी चावी त्यांच्या हातात. तेवढ्यात साहेब आले, सोबत एजन्सीचा नवा ड्रायव्हर, चाळिशीचा. साहेबांना वाटत होतं, बाबूरावांना माहीत आहे. सहज म्हणाले, "खरी चावी यांच्याकडे द्या."
बाबूरावांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हार काढला, नीट घडी करून बॉनेटवर ठेवला. मग त्या नव्या माणसाला म्हणाले, "हर्सूल सोडलं की लई ट्रका असतेत. घाई करू नगा. पाहुण्यांना गाडी लागती, खिडकी उघडी ठेवा." आणि चालत बाहेर गेले.
मी कागदांवर सह्या करत राहिले. कुठं कुठं केल्या, आठवत नाही. रडू आलं ते पेढे वाटताना.

२७ जाने., मंगळवार
बाबूराव आले होते, गणवेश परत द्यायला. धुऊन, इस्त्री करून. साहेबांनी डोळ्यांमुळे गाडी नको म्हणून सांगितलंय, फर्दापूरच्या हॉटेलवर देखरेखीचं काम देऊ केलंय. विचार करतो म्हणाले. मला वाटलं, आता विचारणार. मी तयार होते. खरंच होते.
म्हणाले, "डोळ्याचं फकत दोघांला ठाऊक होतं ताई. तुम्हाला अन् इसाकला. तुमच्यासमोर तर साहेबांनी तोंडावर अपमान केला माझा, तुमचा चेहरा बघितला ना मी. तुम्ही न्हाय सांगायच्या. इसाकनं घात केला. अठरा वर्षं एका ताटात जेवलो, व्हय का नाय?"
मी, "बाबूराव..." एवढंच.
त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय. उलट माझीच समजूत काढून गेले. जाताना गेटवर इसाकभाई उभे राहिले, हात पुढं केला. बाबूराव बघून न बघितल्यासारखं करून निघून गेले. इसाकभाई त्यांच्या डाव्या हाताला होते, म्हणून दिसले नसतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

३१ जाने., शनिवार
दोनदा क्रांती चौकातून रिक्षा केली, बाबूरावांच्या घरी जायला. दोनदा अर्ध्या वाटेवरून परत. पन्नाशी उलटली, दोन पोरांना खरं बोलायला शिकवलं.
आज इसाकभाई केबिनच्या दारात. हातात डबा, न उघडलेला. "मॅडम, बाबूरावभाई फोन नहीं उठा रहे. चार दिन हो गए. मेरेसे कुछ गलती हुई क्या? आपको तो सब बताते वो."
मी म्हणाले, उचलतील. कामात असतील.
"जी," म्हणाले. आणि तिथंच उभे राहिले.