भाऊजींचा खोकला

३ फेब्रुवारी
भाऊजी आलेच! दारातूनच खोकत. म्हणे, "वहिनी, भुशाचा खोकला हा. सुतारानं खोकायचं नाही तर कुणी?" आणि सरळ ह्यांच्या पलंगावर बसले. नवी किडनी टिकावी म्हणून ह्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलीय, हे दहादा सांगून झालं. भिंतीनं ऐकलं असतं एव्हाना.

७ फेब्रुवारी
ह्यांना ताप. धाप लागतेय.

८ फेब्रुवारी
न्यूमोनिया. दोन्ही फुप्फुसं. ऑक्सिजन लावलाय.
भाऊजी वॉर्डाबाहेर उभे होते. सगळ्यांदेखत सुनावलं — "सख्ख्या भावाच्या जिवावर उठलात, आता बघायला आलात?" सिस्टरना सांगून त्यांना आत यायची बंदी करवली. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

९ फेब्रुवारी
विषाणू कोणता ते कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी यांच्या शरीरात पुरेशा बनत नाहीयेत. प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी सलाईनमधून देऊ. पण उशीर झालाय, हमी देत नाही." सही केली. अक्षर माझं वाटेना.
शेजारी कुणाला बसू द्यायचं ते ठरवायला घरच्यांच्याही नाकातले नमुने घेतले. म्हटलं, भाऊजींचा आधी घ्या! लेखी येऊ दे एकदा. त्यांच्याकडूनच चौकट करून घेते त्याला.
माझं नाक चोंदलंय. रडून रडून.

१० फेब्रुवारी
औषध चढवलं. दोन तास त्या नळीकडे बघत बसले. ताप तसाच.

११ फेब्रुवारी
रिपोर्ट भाऊजींनीच आणून दिले. त्यांच्यात काही नाही. माझ्यात — तोच विषाणू.
ह्यांना कमी ऐकू येतं, ओठ दिसल्याशिवाय कळत नाही. म्हणून घरी मी मास्क खाली करून बोलायचे. तोंडाजवळ तोंड नेऊन. मी!
"वहिनी, घरी जा, आराम करा. मी बसतो." एवढंच म्हणाले. एखादी शिवी तरी हासडायची! तेवढंही नाही.

१५ फेब्रुवारी
ताप उतरला. ऑक्सिजन निम्म्यावर आणलाय. मला काचेबाहेरून बघायची परवानगी मिळाली. आत माझ्या स्टुलावर भाऊजी! अंगाचा तिळपापड झाला.

१६ फेब्रुवारी
आज हे बोलले. काचेतूनही ऐकू आलं — "कुणाकडून आलं रे हे मला?"
भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढली, कागदावर लिहिलं, ह्यांच्यासमोर धरलं. मलाही दिसलं. "माझ्याकडून, दादा."
ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
मी काच वाजवली नाही.