रेणूचं चालणं

प्रिय भाऊ,

पत्र लिहायची आपल्या घरात कोणाला सवय? तू बडनेऱ्याला, मी अकोल्याला. काही सांगायचं असलं की फोन, आणि फारच असलं तर गाडीत बसून मी थेट तुझ्या दारात. आता यातलं काहीच जमण्यासारखं नाही. आणि रेणूबद्दल सोमवारपर्यंत एका माणसाला हो किंवा नाही कळवायचं आहे. तुला सांगितल्याशिवाय ते माझ्याच्यानं होत नाही, म्हणून कूलरला पाणी भरून, दार लावून भर दुपारी बसले आहे.

अहमदाबादला राष्ट्रकुल स्पर्धा होणार, भाऊ! पुन्हा आपल्या देशात! तुझी तेरवी झाली, दिवाळी आम्ही केलीच नाही, आणि मग ही बातमी आली. तू इतकी वर्षं वाट पाहिलीस, मग थोडं आणखी थांबायला काय झालं होतं रे? छातीत दुखतंय हे वहिनीला निदान सांगायचं तरी! तिला म्हणालास, पित्त झालं असेल, थोडा सोडा दे.

दिल्लीला स्पर्धा झाल्या तेव्हाचं आठवतं? शाळेतून रजा काढलीस, वहिनीला सांगितलंस की नागपूरला काम आहे, आणि जनरलच्या डब्यात बसून गेलास दिल्लीला. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून चालण्याची शर्यत पाहिलीस आणि वेडा होऊन परत आलास. आमच्या ओसरीत कंबर हलवत चालून दाखवलंस तेव्हा ह्यांनी हसू लपवायला पेपर तोंडापुढे धरला होता.

"हसून घ्या जवाईबापू," तू म्हणालास. "धावणं कोनालेबी येते. पन एक पाय कायम जमिनीवर ठेवून दुसऱ्याच्या पुढं जानं, हे कठीन हाय. पुढच्या वेळी आपल्या देशात झाल्या न, तं आपल्या घरचं कोनीतरी रस्त्यावर पाहिजे. कडेले नाई!"

माझी रेणू तेव्हा भातुकली मांडून बसली होती. तू तिच्याकडे पाहिलंस ते मी पाहिलं होतं. दहावी झाल्याबरोबर तिला बडनेऱ्याला घेऊन गेलास. म्हणे भाची माझी आहे, कॉलेज अमरावतीला करेल. कॉलेज निमित्त होतं, मला का कळत नव्हतं? पी.टी.चा मास्तर तू, मुलं शाळेची; हक्काचं पोर एकही नाही. मी तरी कशी नाही म्हणणार होते?

मग सुरू झालं तुमचं बडनेरा रोडवरचं चालणं. ती पुढे, तू बाजूने सायकलवर. आणि आपली वऱ्हाडी माणसं! सकाळी सकाळी एक पोरगी घामाघूम होऊन लगबगीनं चाललेली दिसली की प्रत्येक गाडी थांबणार. "काहून पायी चालली वं माय? बस, सोडून देतो." दूधवाला थांबे, तुझ्याच शाळेतला एखादा मास्तर थांबे, एकदा तर ट्रॅक्टरवाला थांबला. तू वैतागून ओरडायचास, "अरे बाप्पा, तिले सोडू नका, तिले चालू द्या!" मग लोक तुझ्याकडेच रागानं बघायचे. स्वतः सायकलवर बसतो आणि पोरीला पायी पळवतो, कसला मामा हा!

आणि ती जिल्ह्याची शर्यत! रेणू सगळ्यात पुढे होती. समोरून माझे चुलत सासरे, आपले आबा, मोटरसायकलवर आले, गाडी थांबवली, आणि आपली बाई भर शर्यतीत थांबून त्यांच्या पाया पडली! त्यांनी डोक्यावर हात ठेवून सगळ्या घरादाराची खुशाली विचारली. तोवर दोन मुली पुढे निघून गेल्या. ही घाबरली, अंतर भरून काढायला चक्क धावत सुटली, आणि पंचांनी तिला बाद केलं. तू ही गोष्ट लग्नाकार्यात, बारशात, कुठेही सांगायचास आणि सांगता सांगता डोळ्यांतून पाणी काढायचास. "पाया पडली तं पडली, पन उठून पळत काहून सुटली!" संस्कार नडले पोरीचे, असं सगळे म्हणायचे. मला तर केवढा अभिमान वाटायचा!

तू गेल्यावर ती अकोल्याला परत आली ती चालणं तिथेच ठेवून. लॅबचा कोर्स धरला. आता दिवसभर स्टुलावर बसून लोकांचं रक्त काढायला शिकते. मी रोज म्हणायची, "रेणू, सकाळी जरा निघत जा." ती म्हणायची, "उद्या पाहू." मी बूट धुऊन दारात ठेवले. ते तिथेच धूळ खात पडले.

त्यात ही बातमी. मग काय विचारतोस! ज्याला चालण्याची शर्यत असते हेच माहीत नव्हतं तोही फोन करतो. "बेबीताई, आता रेणूचं सोनं झालं, अहमदाबाद पक्कं!" तिकडे तिची शर्यत ठेवतील की नाही, तेसुद्धा अजून मला कोणी नीट सांगू शकलेलं नाही. भरवणार अहमदाबाद आणि दमले मी इथे अकोल्यात.

आणि परवा पुण्याहून तुझ्या ओळखीच्या त्या सरांचा फोन आला. चालण्याच्या शर्यतीचं शिबिर आहे, मोठं आहे. "भाऊंची भाची म्हणून जागा राखून ठेवली आहे, सोमवारपर्यंत कळवा." मी फोन ठेवला आणि आधी तुझ्या फोटोकडे पाहून हात जोडले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं तूच पाठवलंस.

संध्याकाळी रेणूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी नाई जात आई."

"काहून?"

"मले चालनं कधी आवडलंच नाई."

मी ओरडलेच. इतकी वर्षं मग काय करून राहिली होती? मामाला काय वाटेल? त्यावर ती शांतपणे म्हणाली, "थ्या दिवशी आबांची गाडी दिसली न, तवा मले इतकं बरं वाटलं आई. मले थांबाले कारन पाहिजे होतं. म्हणून पाया पडली. मग मामाचं तोंड आठोलं, अन् पळत सुटली."

भाऊ, मी तवा उतरवून ठेवला आणि तिच्याजवळ बसले.

"मंग मामाले सांगितलं काहून नाई?"

"थो इतका खूश राहे. सायकलवरून गोष्टी सांगे, तर्री-पोहे खाऊ घाले. मले मामा आवडे आई. मामासाठी चालत होती मी. आता कोनासाठी चालू?"

एवढं बोलून ती रडली. तू गेलास तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती रे.

तुला हे कधीच कळलं नाही? रोज तिच्या बाजूने सायकल चालवायचास. तिच्या तोंडाकडे कधी पाहिलंस, की नुसतं पायांकडेच? रागावू नकोस. मी तिची आई, मला तरी कुठे कळलं!

आणि माझंही ऐक. मी तिच्या मागे लागले ते काही अहमदाबादसाठी नाही. मला अहमदाबादशी काय घेणं? ती चालत राहिली तर तू थोडा तरी उरशील, असं मला वाटत होतं. सकाळी ती बाहेर पडेल, आणि मी समजेन की तू सोबत आहेस. एवढ्यासाठी मी त्या लेकरामागे लागले होते. फार दमले रे भाऊ. ती दमली होती आणि मीही दमले, आणि दोघीही एकमेकींना सांगत नव्हतो.

सोमवारी मी सरांना नाही म्हणून कळवणार आहे. मीच बोलणार, तिच्या हातात फोन देणार नाही. लोक म्हणतील, आईनेच पोरीचं वाटोळं केलं. म्हणू देत. तुला राग आला तर माझ्यावर काढ. आपण लहानपणापासून भांडत आलो, आणखी एक भांडण झालं समज.

तुझ्या घरचं कोणी त्या रस्त्यावर नसेल. पण तुला एक वचन देते. अहमदाबादला त्या स्पर्धा होतील तेव्हा वहिनीला अकोल्याला बोलावीन, आणि आम्ही तिघी टीव्हीपुढे पाय पसरून बसू. चालायच्या शर्यतीत कुणाकुणाच्या पोरी चालतील. त्यातली एखादी मध्येच थांबलेली दिसली, तर सगळं जग तिला "चल, चल" म्हणेल. मी म्हणेन, "बस वं माय, बस थोडी."

तुझी,
बेबी