सासवांच्या नावाने पावत्या

४ मे, रविवार

झालं! मराठी शिकवायलाही आता युरोपचा टॅक्स!

दुपारी विन्स्टन जेवायला आला होता — सुजीतच्या ऑफिसातला, वसईचा, टॅक्सचं काम बघतो. त्याच्यासाठी सुरमई आणली, पंचावन्न दिरहॅम किलो, म्हणजे पावणेतेराशे रुपये! तीच तोंडात घालत म्हणतो, "वहिनी, तुमच्या ऑनलाइन क्लासला सगळे युरोपातले ना? व्हॅटचं काय केलंत?"

मी म्हटलं, मी अबू धाबीत, रीम आयलंडवर, माझ्या डायनिंग टेबलाशी बसून शिकवते. युरोपचा काय संबंध? म्हणे तसं नाही. या जानेवारीपासून लाइव्ह शिकवणीलाही शिकणारा जिथे राहतो तिथला नियम. कुठे शिकवणीला माफी, कुठे नाही. देशागणिक वेगळं त्रांगडं. आणि धडे रेकॉर्ड करून विकायचे म्हटले तर विचारूच नका.

सुजीत लगेच, "बंद कर मग. कशाला डोक्याला ताप?" बंद कर म्हणे! पुण्याची नोकरी सोडून याच्यामागे आले, त्यानंतर माझी म्हणावी अशी ही एकच गोष्ट आहे. बंदबिंद काही होणार नाही. सगळं रीतसर करीन, पण क्लास चालवीन.

५ मे

सृष्टीला सांगितलं. "मॉम, यू आर लाइक अ मल्टिनॅशनल!" घ्या. कॉलर ताठ!

७ मे, बुधवार

विन्स्टनने आत्तापर्यंतच्या पावत्या मागवल्या. थोड्या वेळाने फोन — खो खो हसतोय. "वहिनी, या सगळ्या सासवांच्या नावावर?"

मग कोणाच्या नावाने करायच्या? माझ्याकडे शिकतात त्या आपल्या मुलांशी लग्न केलेल्या गोऱ्या सुना, आणि एक जावई. फी भरतात सांगली-नाशिकहून त्यांच्या सासवा. हौसेने! सुनेने आपल्याशी चार शब्द बोलावेत म्हणून. जी पैसे पाठवते तिच्या नावाने पावती, वर 'सौ.' लावून, मानाने. पत्ता लिहायचं सुचलंच नाही!

"पैसे भारतातून, शिकणारी युरोपात," विन्स्टन म्हणाला. "मग गिऱ्हाईक कोण? सासू की सून? प्रत्येकीचा राहता पत्ता मागवा, सोबत एक पुरावा. जिचा मिळणार नाही तिला थांबवा. अर्धवट कागद मी पुढे पाठवणार नाही." हसत हसत म्हणाला, पण म्हणाला खरं.

११ मे, रविवार

क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं. हॅम्बुर्गच्या जावयाने क्लास संपायच्या आत विजेचं बिल पाठवलं — जर्मन तो जर्मनच! लिऑनच्या सुनेने तर घराचा फोटोसुद्धा पाठवला, बाल्कनीतल्या तुळशीसकट. मागितला होता का कोणी?

फेम्केचं तेवढं राहिलं. ही हॉलंडमधल्या ग्रोनिंगनची, सांगलीच्या सुयशची बायको. माझी सगळ्यात लाडकी. 'इश्श' सुद्धा अगदी योग्य जागी म्हणते! "पाठवते, ताई," म्हणाली.

१४ मे

फेम्केला आठवण केली. "उद्या नक्की." आपल्या इथल्या इन्शाल्लासारखं उद्या!

१८ मे, रविवार

विन्स्टन म्हणतो, बाकी सगळ्यांचं झालं, खलास. एकच अडकलंय. फेम्के.

आज क्लासनंतर विचारलं तर, "ताई, मला जरा घाई आहे," आणि गायब. शेवटी तिच्या सासूबाईंनाच सांगलीला फोन लावला. "तुम्हाला काय करायचाय पत्ता? फी वेळेवर येते ना?" असं म्हणून चक्क ठेवला की फोन! माझं डोकंच फिरलं. मी काय चोर आहे?

राग उतरल्यावर मात्र रडू आलं. हिला थांबवायचं? सासूशी बोलता यावं म्हणून जी तापातसुद्धा क्लासला बसली, तिला? पण तिच्या एकटीपायी सगळ्यांचे कागद अडकले तर मलाच क्लास गुंडाळावा लागेल. सुजीतने न सांगता चहा करून आणला. म्हणाला, "पुढच्या रविवारपर्यंत थांब. मग बघू." बंद कर म्हणाला नाही!

२५ मे, रविवार

फेम्के सगळ्यांच्या आधी आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ताई, मी ग्रोनिंगनला नाही. फेब्रुवारीपासून सांगलीत आहे. सुयश दुसऱ्या बाईबरोबर राहतो. आई म्हणाल्या, तू माझ्याकडे ये."

मागून सासूबाईंचा आवाज. "कोणाला सांगू नकोस असं मीच म्हटलं होतं तिला. त्या दिवशी तुम्हाला तोडून बोलले, मनावर घेऊ नका. माझी सून आहे ती. क्लास चालू ठेवा."

बाकीचे आले. क्लास कसा घेतला, देवाला ठाऊक. मग विन्स्टनला फोन केला. म्हटलं, फेम्केच्या पावतीवरचं गिऱ्हाईक युरोपात नाही, सांगलीला राहतं.

"कोण? सासू की सून?"

म्हटलं, दोघीही.