पोस्टमन नाचतो कशाला

अहो घड्याळजी,

भाजी गॅसवर आहे, गरम करून घ्या. मी पुन्हा त्याच सिनेमाला चालले आहे. हो, तिसऱ्यांदा. आणि एकटीच, कारण गेल्या रविवारी तुम्हाला नेऊन माझी हौस फिटली. सगळं थिएटर पोट धरून हसत होतं आणि तुम्ही माझ्या कानात विचारत होता, हा पोस्टमन पत्रं टाकायची सोडून नाचतो कशाला.

कशाला ते सांगते. त्या सिनेमात नवरा-बायको कडाकडा भांडतात आणि भांडता भांडता गायला लागतात. मग अख्खी गल्ली त्यांच्यासोबत नाचते, पोस्टमनसुद्धा. आपल्याकडे मी बोलायला लागले की तुम्ही डोळ्याला भिंग लावता आणि एखादं बंद पडलेलं घड्याळ उघडून बसता. दोन तास ते भिंग दिसत नाही, म्हणून जाते.

आज खरं तर जाणार नव्हते. पण सकाळी टॉवेल द्यायला आले, तर बाथरूममध्ये तुम्ही त्याच पोस्टमनचं गाणं म्हणत होता. एकदाच ऐकलेलं, तरी सगळी कडवी पाठ. मी दार वाजवलं आणि तुम्ही गप्प झालात. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणालात, "नळाचा आवाज असेल."

तुमचं तिकीट भिंगाखाली ठेवलंय. सहाचा खेळ आहे. यायचं तर गात या. नाहीतर तेवढा नळ दुरुस्त करून ठेवा.