निळी टोपी

मंगळवार, संध्याकाळ. थेरगाव

चाकणच्या कारखान्यातून आत्ताच आले. पाय दुखताहेत, पण सलतंय ते वेगळंच. माझी ट्रेनीची पिवळी टोपी घरी राहिली, म्हणून स्टोअरमधून आजच्यापुरती पर्मनंटवाल्यांची निळी मिळाली. नुसती टोपी! तरी तासाभरात मी जणू जन्मापासून पर्मनंट. कंत्राटी कामावरच्या सुनंदाताईंनीच मला हे काम शिकवलं. त्यांनी एक पार्ट उलटा ठेवला, तर मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुमचं?"

"व्हय मॅडम, चुकलं."

मॅडम. कालपर्यंत मी 'पोरी' होते.

शाळेत जायच्या आधीच माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरी शिकवलं होतं: 'माझा हात' म्हणतेस, म्हणजे तू हात नव्हेस; मग तू कोण? सगळं पाठ होतं. एका टोपीपुढं टिकलं नाही.

सुटताना ताईंची माफी मागितली. त्या हसल्या. "निळी घातली की समद्यांचंच आसं हुतं, पोरी. डबा तरी खाल्लास का?"

हायसं वाटलं. मग बसमध्ये कबूल करावं लागलं, की माफी मागताना बाकीच्या बायका बघताहेत ना, याकडेच माझं अर्धं लक्ष होतं. म्हणजे निळी उतरवून मी 'चांगल्या मुली'ची टोपी घातली होती, एवढंच.